खांद्यावरचा बाण

"दिवा चालूच राहू दे," ऑपरेशन थिएटरमधले मामा नव्या दोन डॉक्टरांना म्हणाले. "आपल्या मोठ्या डॉक्टरांचं सांगतो. यातलं पदरचं काही नाही."

डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेदहा. मोठे डॉक्टर जेवण आटोपून सोमवारच्या पेशंटची फाइल आणायला दवाखान्यात गेले. खांदा आणि कोपर म्हटलं की त्यांचंच नाव निघे. पेशंटला हात वर करायला लावून आत काय तुटलंय ते बिनचूक सांगत. जीभ मात्र त्यांच्या चाकूपेक्षा धारदार. रडणाऱ्याला म्हणत, "दुखतोय खांदा, मग गळा कशाला काढतोस?"

ऑपरेशनआधी ज्या खांद्याला हात घालायचा त्यावर काळ्या मार्करने बाण काढायचा आणि खाली सही ठोकायची, ही त्यांची शिस्त. पोहण्याच्या तलावावरच्या मास्तरच्या वेळी मात्र एक्स-रे उलटा लावला गेला आणि बाण उजव्या खांद्यावर निघाला.

मास्तर चाचरत म्हणाला, "डॉक्टर, दुखतो तो डावा."

"खांदा तुझा, अक्कल माझी. झोप."

धडधाकट खांदा उघडला गेला. त्यावर आयोडीन मामांनीच लावलं होतं. त्यांना चूक कळली होती, पण नोकरीच्या भीतीने ते मूग गिळून बसले. त्याची लाज त्यांना अजून वाटते. फाइलमध्ये 'दोन्ही खांदे खराब' असं लिहून झालं. डावा आधीच गेलेला, उजवाही आखडला. मास्तरला स्वतःच्या हाताने घास तोंडात घालता येईना. चार महिन्यांनी तो तलावाच्या खोल बाजूला बुडून मेलेला सापडला. वीस वर्षं तिथेच त्याने मुलांना तरंगायला शिकवलं होतं. बातमी ऐकून डॉक्टर म्हणाले, "पाण्यात उतरू नकोस, असं कार्डावर लिहून दिलं होतं मी."

तर त्या शनिवारी तपासणीच्या खोलीत दिवा चालू होता. टेबलावर कोणीतरी पाठमोरं बसलेलं. अंगात शर्ट नाही. केसांतून पाणी गळत होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, दवाखाना बंद आहे.

ते जवळ गेले. उजव्या खांद्यावर टाक्यांचे व्रण. टाके त्यांचेच. ओळखले त्यांनी...

"हात वर कर," सवयीने तोंडून निघालं.

हात हलले नाहीत. एकही नाही.

"कुठला... दुखतो?"

टेबलाखाली पाण्याचं थारोळं वाढत होतं. मग ते माणूस हळूच बोललं.

"डॉक्टर, आता तुम्ही झोपा."

दिवा गेला.

पुढचं डॉक्टरांना आठवत नाही. रविवारी सकाळी मामांनी दार उघडलं, तेव्हा ते त्याच टेबलावर पालथे पडले होते, उघड्या अंगाने. उजवा हात खाली लोंबत होता. सगळ्या तपासण्या झाल्या. स्नायू शाबूत, नसा शाबूत. भूल दिली की हात हवा तसा फिरवता येतो. शुद्ध आली की पुन्हा आखडून लोंबतो, वर नेता येत नाही. डाव्या हाताने काही जमत नाही, म्हणून आता मामाच त्यांना आंघोळ घालतात, घास भरवतात.

"मनाचा धक्का असेल," दोघांतला एक नवा डॉक्टर म्हणाला.

मामांनी दिव्याकडे पाहिलं.

"असेल. पण उजव्या खांद्याच्या मागे, फऱ्यावर, काळा बाण आहे. खाली त्यांचीच सही, त्यांच्याच उजव्या हाताची. स्वतःचा हात तिथे पोचत नाही. मी स्पिरिटने घासलं. कातडी सोलून निघाली..."

"मग?"

"नवी कातडी आली. बाण तिच्यावरही आहे."