मागची सीट

शिवणकाम शिकवणाऱ्या बाई स्कूटर ढकलत गॅरेजात आल्या, तेव्हा मिस्त्री दुपारचा चहा घेत होता. कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या नव्या गाड्यांमध्ये त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

"परत बंद पडली?"

"तिथंच. काचेच्या फॅक्टरीच्या वळणावर."

फॅक्टरीला टाळं लागून बराच काळ झाला होता. त्या वळणावर गाडी बंद पडते, थोड्या वेळाने आपोआप सुरू होते, ही बाईंची जुनीच तक्रार. मिस्त्रीने फिल्टर बदलला होता, इंजेक्टर साफ केला होता, पंपाचा दाब तपासला होता. स्कॅनर लावला तर एकही दोष दिसत नव्हता. खरं सांगायचं तर त्याची मती गुंग झाली होती. पण बाकावर गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोर ते कबूल कसं करणार?

"बाई, गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आता चालवणाऱ्याचंच सर्व्हिसिंग करायचं राहिलंय."

बाकावर हशा पिकला. बाई हसल्या नाहीत.

"एकदा चला माझ्याबरोबर," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे कळेल."

मिस्त्रीने स्कॅनर गळ्यात अडकवला आणि बाईंना मागे बसवून निघाला. रस्ताभर इंजिन एका सुरात चाललं होतं. फॅक्टरीची लांबलचक भिंत सुरू झाली आणि वळणावर ते बंद पडलं. आचके नाहीत, धडधड नाही. घर आल्यावर किल्ली फिरवावी, तसं.

बाई उतरून भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ऊन रखरखीत होतं, तरी हवेला विझलेल्या भट्टीचा ओलसर वास येत होता. एक पाखरूही बोलत नव्हतं. मिस्त्रीने गाडी स्टँडला लावली, किल्ली काढून खिशात टाकली आणि गुडघे टेकून प्लगची टोपी चाचपू लागला.

घूंऽऽ...

टाकीतला पेट्रोलचा पंप. किल्ली फिरवली की घुमतो तेवढाच घुमला आणि थांबला. मिस्त्रीने खिशात हात घातला. किल्ली खिशातच होती.

"बाई... तुम्ही काही केलंत?"

"नाही." बाईंचा आवाज अगदी खाली गेला होता. "हे होते तेव्हा ह्यांना रोज इथूनच घ्यायचे मी. पाळी सुटली की... जरा बाजूला व्हा, मिस्त्री. बसू द्या त्यांना."

मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर मागची स्प्रिंग हळूहळू दबत गेली. सीट कुरकुरली. मग त्याच्या मानेवर, अगदी जवळून, कुणीतरी दमल्यासारखा श्वास सोडला.

तो पळाला. स्कॅनर कुठे पडला, चपला कुठे गेल्या, त्याला कळलं नाही. मागून बाईंची हाक आली. "मिस्त्री... मला एकटीला नका सोडू." ती त्याने ऐकली. ऐकूनही तो थांबला नाही.

घरी बायकोने विचारलं, "सापडला का बिघाड?"

"वायर सैल होती," तो म्हणाला. तिने त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. त्या नजरेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्या बाईला भर उन्हात टाकून आपण पळालो, हे काही केल्या त्याच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. गाडी सुरेख चालत होती. फडक्यात गुंडाळलेला स्कॅनर आणि चपला त्यांनी कुणाला दिसणार नाहीत अशा बेताने कोपऱ्यात ठेवल्या.

"बाई, काल मी..." मिस्त्री जमिनीकडे बघत उठला.

"नका बोलू. मीच तोंड दाखवण्याच्या लायकीची नाही." बाईंनीही मान वर केली नाही. "तुम्ही पळालात आणि सीट एकदम वर आली. हलकी झाली. ते उतरून तुमच्या मागोमाग गेले असणार... मी हाक मारायला हवी होती त्यांना. नाही मारली. बरं वाटलं मला, मिस्त्री. त्यांची बायको मी, आणि मला बरं वाटलं."

त्या वळल्या आणि निघून गेल्या.

मिस्त्री पुन्हा कामाला बसला. दाराजवळच्या स्कूटरचा पंप घुमला आणि थांबला. मग तिच्या शेजारचीचा. सगळ्या किल्ल्या समोर खिळ्यांना टांगलेल्या होत्या. त्याला पळायचं होतं, पण बाकावर गिऱ्हाइकं होती. त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. त्याच्या पुढ्यातल्या स्कूटरची मागची स्प्रिंग दबत दबत खाली गेली आणि तशीच राहिली.

"मिस्त्री, झाली का माझी?" बाकावरून एक जण उठला. "पोरीला शाळेतून आणायचंय."

मिस्त्रीने पुढ्यातल्या स्कूटरची किल्ली खिळ्यावरून काढली.

"झाली," तो म्हणाला. "घेऊन जा."

स्टँडवरून काढताना त्या माणसाला चांगलाच जोर लावावा लागला.

"जड का लागतेय हो आज?"

मिस्त्री मान खाली घालून पान्यावरचं ग्रीस पुसत राहिला.