ऊन पाण्यातले पत्रे

“माझा लेप फसला नाही, कुणीतरी फसवला,” रत्नमाला म्हणाली. “आज कारण सापडलं नाही, तर माझं काम कायमचं बंद.”

गुप्तहेर नानासाहेबांबरोबर त्यांचा मदतनीस अजिनाथ शेंद्र्याच्या या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच आला होता. जमिनीच्या पोटातल्या उकळत्या, खारट पाण्यावर वीज करायची, तर विहिरीतले पोलादी पाइप टिकायला हवेत. म्हणून तसंच पाणी टाकीत तापवून त्यात गंजरोधक लेप दिलेले पोलादी पत्रे टांगले होते. दसऱ्यानंतर त्यांना खड्डे पडले.

नानासाहेबांनी एक पत्रा उन्हात धरला. खड्ड्यांभोवती तांबूस चकाकी होती.

“गंजच की, नाना,” अजिनाथ म्हणाला.

“गंज कधी चकाकतो का रे?”

रत्नमालेचा संशय अभयवर होता. तिचा हा सहकारी वेगळा लेप करत होता.

“माझेही पत्रे त्याच टाकीत गेले,” तो उसळून म्हणाला. “तळाजवळचे तर पार गेले. पाणी गढूळ, म्हणून काही पडलंय का बघायला तळाशी लोहचुंबक फिरवला. सुटं काही चिकटलं नाही.”

“झाकण कधी उघडलं होतं?” नानासाहेबांनी विचारलं.

“खंडेनवमीला. सगळ्यांनी हळदकुंकू वाहिलं. एरवी कुलूप.”

राखणदार सांडूच्या खोलीत चहाचे दोन कप होते. एक रिकामा, दुसऱ्यावर साय धरलेली.

“कुणी यायचंय का, सांडूभाऊ?”

“नाय जी. सवय हाय. बायकूला जाऊन वरीस झालं. सांधे धरले व्हते तिचे.”

सांडूनं कप उचलला. त्याच्या रापलेल्या मनगटावर एक उजळ पट्टा दिसला.

नानासाहेबांनी सगळ्यांना टाकीपाशी बोलावलं.

“अजिनाथ, दोन धातू ऊन खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले, की एक झिजतो, दुसरा वाचतो. लेपाला सुईएवढं छिद्र असलं तरी पुरतं. इथं लोखंड झिजलं. चकाकी तांब्याची, आणि तांबं लोहचुंबकाला चिकटत नाही. अभय स्वतःचे पत्रे कशाला घालवेल? आता सांग, सांधे धरलेलं माणूस मनगटात काय घालतं?”

“तांब्याचं कडं!” अजिनाथला तो पट्टा आठवला.

“तिच्यामागं ते सांडूभाऊंच्या हातात होतं. आता नाही.”

अभयनं लांब दांड्याच्या जाळीनं तळ उपसला. पत्रे टांगलेल्या लोखंडी स्टँडच्या पायात अडकलेलं कडं वर आलं.

सांडूची मान खाली गेली. “ऊन पाण्याच्या कुंडात बसायचं, म्हनायची. म्या कधी नेलंच नाय. म्हनलं, कडं तरी शेकंल… मॅडम, मला काय ठावं!”

रत्नमाला अभयकडे वळली. “चुकले मी.” मग तिनं कडं धुऊन सांडूच्या तळहातावर ठेवलं. “लेपात खोट नाही, सांडूभाऊ. पत्रे पुन्हा टांगू.”

सांडूनं कडं फिरवून पाहिलं, धोतराला पुसलं आणि हातात चढवलं.

“हे हाय तसंच हाय, जी,” तो म्हणाला. “झिजलं ते त्याला टेकलेलं.”