अन्नपूर्णेच्या वाटीतला पिवळा कोळी

ललिता तरातरा आत आली आणि हिंगाची रिकामी डबी तिने मैत्री गणवीरच्या टेबलावर ठेवली.

"ताई, ह्यात काय आहे ते सांगा. ह्याच्यापायी माझ्या पोटावर पाय आलाय."

मैत्री ही सदाशिव पेठेतली खासगी गुप्तहेर. तिचं ऑफिस म्हणजे बाबुरावांच्या घराची रस्त्याकडची खोली. भाडेकरूच्या कामात नाक खुपसू नये, हा नियम बाबुरावांनी बँकेतून निवृत्त झाल्यापासून एकदाही पाळला नव्हता. आत्ताही ते जेवून, सुपारी कातरत कोपऱ्यात बसले होते.

ललिता त्यांच्याकडे स्वयंपाक करायची, समोरच्या सुशीलाबाईंकडेही. सुशीलाबाईंच्या देवघरातली चांदीची अन्नपूर्णा नाहीशी झाल्याचं कालच गल्लीभर झालं होतं. ते ऐकून बाबुरावांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप घातलं होतं. नुसती सावधगिरी म्हणून, संशय वगैरे काही नव्हता. पण आजची आमटी साफ अळणी निघाली, तेव्हा मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मनात खोट असली की माणसाचा हात असा चुकतो, असं त्यांचं मत पडलं.

डबीत तांदळाच्या दाण्याएवढा कोळी होता. पिवळाधमक.

"मूर्ती ज्या तांदळाच्या वाटीत बसते, तिच्यात निघाला," ललिता म्हणाली. "आजी म्हणतात, मी हळद फासून करणी केली. सगळ्यांसमोर माझी पिशवी उलटी केली त्यांनी. संध्याकाळपर्यंत मूर्ती आली नाही तर चौकीत माझं नाव देणार. दोन घरांनी आजच कामावरून काढलं."

मैत्रीने भिंग लावलं. "पुढचे पाय लांब, चाल तिरकी. हा खेकडा कोळी. जाळं विणत नाही, फुलात दबा धरून बसतो. माणसाला काही करत नाही."

"आणि हळद?" बाबुरावांनी विचारलं.

"हळद नाही, काका. पण रंग मात्र उसना आहे." तिने डबी पर्समध्ये टाकली आणि समोरचं घर गाठलं. ललिता आणि बाबुराव मागोमाग होतेच.

सुशीलाबाईंनी दार अर्धंच उघडलं. "अहो, आपण कोळी ओळखायला आलात की चोर?"

"एक ओळखला की दुसराही ओळखू येईल. मूर्ती शेवटची कधी पाहिलीत?"

"मंगळवारी, पूजेच्या वेळी. बुधवारी शिळी फुलं काढायला हात घातला, तर वाटीत नुसते तांदूळ. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे सगळं चाचपूनच करते."

"फुलं कोणती वाहता?"

"माझ्या गच्चीतली. लाल जास्वंद, पांढरी तगर. दुसऱ्याच्या कुंपणातलं फूल माझ्या देवाला चालत नाही." हे त्या बाबुरावांकडे बघून म्हणाल्या. बाबुराव रोज पहाटे फिरायला जाताना पिशवी आणि आकडी घेऊन जात, हे पेठेत सर्वांना माहीत होतं.

"मंगळवारी घरात कोण कोण होतं?"

"ललिता. मागच्या खोलीतला साई. आणि माझी लेक कल्याणी, धायरीहून औषधं द्यायला आली होती. पण ती घरचीच."

"ही अन्नपूर्णा आपल्याकडे कुठून आली?"

"माहेराहून. आमच्यात ती लेकीबरोबर जाते."

"मग कल्याणीताईंबरोबर का नाही गेली?"

सुशीलाबाईंनी ओठ आवळले. "तिने लग्न मला विचारून केलं नाही."

निर्माल्य गच्चीतल्या कुंडीत पडत होतं. मैत्रीने पेन्सिलीने ते उकरलं. सुकलेली लाल फुलं, पांढरी फुलं आणि त्यांच्यात एक चुरगळलेलं पिवळं. "खत छान होतंय," बाबुराव म्हणाले.

साई यवतमाळचा, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी. त्याच्या खोलीत कोपऱ्याकोपऱ्यात जाळी लोंबत होती. बाबुरावांनी मैत्रीला कोपराने ढोसलं.

"मी काय करू जी त्या मूर्तीचं?" साई म्हणाला. "अंघोळीशिवाय देवघरात यायचं नाही म्हणते आजी. अन् माझी अंघोळ क्लासवरून आल्यावर! तिथं काय ठेवतात, काय नाही, मला काही माहीत नाही."

"जाळी बघितलीत ना?" बाहेर येताच बाबुराव कुजबुजले.

"काका, हा कोळी जाळं विणत नाही."

निरोप मिळताच कल्याणी आली. फाटकात स्कूटर लावून ती ओढणी झटकत होती. "आमच्या दारातलं बिट्टीचं झाड सावलीला म्हणून ठेवलंय, पण सीटवर, पर्समध्ये, जिकडेतिकडे फुलांचा सडा! फुलं तोडायला कुणी येत नाही आमच्याकडे." मग ती हळू आवाजात म्हणाली, "ललिता चांगली होती हो. पण गरज काय काय करायला लावते."

मैत्री बाबुरावांकडे वळली. "काका, घासायला देव उचलता, तेव्हा त्याच्या जागी काय ठेवता?"

"फूल. देवाची जागा रिकामी ठेवायची नसते. एवढंही माहीत नाही?"

"आमच्या घरी देवघर नाही. म्हणून विचारलं."

तिने सगळ्यांना देवघरासमोर बसवलं आणि डबी उघडली.

"हा कोळी ज्या फुलात राहतो, त्याचा रंग घेतो. पांढरा किंवा पिवळा. लाल त्याला जमत नाही. म्हणजे जास्वंदीतला नव्हे, आणि तगरीतला असता तर पांढरा असता. हा कुणीतरी आणलेल्या पिवळ्या फुलातून आला. ते फूल आजींनी न बघता निर्माल्यात टाकलं, कुंडीत आहे. मूर्ती नेणाऱ्याला तिची जागा रिकामी ठेववेना, म्हणून त्याने तिथे फूल ठेवलं. साईला ती रीतच ठाऊक नाही."

"मग ललिताच!" बाबुराव म्हणाले. "वाटेत कुठलंही फूल तोडलं असेल."

"ती चार गल्ल्यांपलीकडून चालत येते. या पेठेत उजाडल्यावर कुंपणात पिवळं फूल उरतं का, काका? ते तुम्हीच सांगा. रंग बदलायला कोळ्याला कित्येक दिवस लागतात. रोज ओरबाडल्या जाणाऱ्या झाडावर त्याला इतके दिवस कोण राहू देईल? जिथे फुलं तोडायला कुणी येत नाही, सडा पडतो, पर्समध्येसुद्धा, अशा झाडावरचा आहे हा. बिट्टी पिवळीच असते ना, कल्याणीताई?"

कल्याणीने पर्स मांडीवर ओढली.

"घरी आहे. तांदळात बसवलीय," ती म्हणाली. "माझ्या लग्नात ती माझ्याबरोबर यायची होती, आई. तू दार लावून घेतलंस."

"मागायची होतीस."

"दिली असतीस?"

सुशीलाबाईंना रडू फुटलं. त्यांनी चाचपडत लेकीचा हात धरला. "राहू दे तुझ्याकडेच. तुझीच आहे ती."

बाबुरावांनाही भरून आलं. सगळं गोड झालं म्हणून ते उठणार, तोच ललिताने सुशीलाबाईंच्या घराची किल्ली देवघराच्या पायरीवर ठेवली.

"तुमची देवी तुमच्यातच राहिली, आजी, चांगलं झालं. माझी पिशवी मात्र गल्लीसमोर उलटी झाली. ताईंची पर्स बघावी असं कुणाला वाटलं नाही."

"ललिता, चुकलं गं माझं. उद्यापासून ये."

"नाही जमणार." ती दाराशी थांबली. "आणि काका, तुमच्याकडेही नाही. आज कपाटाला कुलूप होतं. मीठ आत होतं. मागायची लाज वाटली, म्हणून आमटी तशीच उतरवली."

ती जिना उतरून गेली. बाबुरावांनी मैत्रीकडे पाहिलं, पण ती डबी घेऊन गच्चीकडे निघाली होती, कोळी सोडायला तगरीच्या झाडाकडे. कपाटाची किल्ली बाबुरावांच्या सदऱ्याच्या खिशातच होती.