सपाटीवरचा उतार

नव्या जीपगाडीच्या मागणीचा छापील फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून नाथाजीतात्या तो घेऊन शाळेत आले. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा जानेवारी. मधली सुट्टी नुकतीच संपली होती. मी चौथीच्या मुलांना गणितं घालून दिली आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलो. तात्यांच्या मागे कृष्णात उभा होता. पंधरा वर्षं पलटणीच्या गाड्या हाकून तो पेन्शनीवर आला होता आणि आता तात्यांकडे ड्रायव्हर होता.

शिराळ्याच्या खालच्या अंगाला, नदीकाठचं आमचं गाव. तात्यांइतका ऊस गावात दुसऱ्या कुणाचा नव्हता. शिवारातल्या वाटा काळ्या मातीच्या, पाऊस लागला की बैलगाडीसुद्धा आसापर्यंत रुतायची. तिथे जीपच पाहिजे.

"वाचा गुरुजी. एकेक करून," तात्या म्हणाले.

मी वाचू लागलो. एकेका वस्तूचं नाव आणि त्यापुढे चौकोन. कंपनीनेच बसवून हवी असेल तर चौकोनात खूण करायची. चारही चाकांना जोर की मागच्या दोनच. टप कापडी की लोखंडी. जादा पाट्यांच्या स्प्रिंगा. मागे ओढायचा हूक. पुढचा बंपर, साधा की जाड.

"चारी चाकांचा जोर तेवढा कंपनीचा घ्या तात्या," कृष्णात म्हणाला. "त्यो भाईर मिळत न्हाई. बाकी समदं सांगलीत करून घिऊ. कंपनीचा बंपर म्हंजे बिस्किटाचा डबा. म्हशीनं शिंग मारलं तर हिकडनं घुसंल आन् तिकडनं निघंल."

"तुला कुणी इचारलं?"

"म्या चालवनार हाय, म्हून बोललो."

मला कृष्णातचं पटत होतं. मुलांना समजावतो तसं मी तात्यांना समजावलं. जे यंत्राच्या पोटात असतं ते कंपनीला कळतं. जे बाहेर लटकतं ते आपल्या लोहाराला जास्त कळतं, कारण रस्ता त्याच्या ओळखीचा असतो.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बोट फॉर्मवर टेकवून म्हणाले, "समद्या चौकोनांत खूण करा. एक खिळाबी भाईरचा नको. हितल्या कुनाचा हात लागल्याली वस्तू मला गाडीवर नको."

कृष्णातने मान दुसरीकडे वळवली. मी खुणा केल्या. तात्या असं का म्हणत होते, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

त्यांची पहिली जीप लष्कराच्या लिलावातून घेतलेली होती. तिच्या पुढे त्यांनी सांगलीच्या लोहाराकडून रुळाच्या लोखंडाचा बंपर करून घेतला होता. त्या बंपराचा त्यांना फार अभिमान. मार्गशीर्षात ती जीप विहिरीकडच्या पाणंदीतून निघाली होती. पाणंद म्हणजे दोन्हीकडे ऊस आणि मधून एक गाडी जाईल एवढी वाट. कृष्णात शेजारी होता, हाकत होते तात्या स्वतः. वाटेत मेंढरं आडवी आली.

आटपाडीकडची मेंढरं दिवाळीनंतर आमच्या भागात उतरतात. शेतकरी ती खतासाठी रानात बसवून घेतात. हा कळप अर्जुनाचा होता. दरसालचा माणूस, शांत, डोक्याला लाल मुंडासं. एक मेंढी ऐन वाटेत व्यायला बसली होती. अर्जुना तिच्यापुढे, बाभळीला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने हात वर केला. दोन मिनिटं थांबा, एवढंच म्हणाला. तात्यांनी हॉर्न दिला. मेंढी हलली नाही, अर्जुनाही हलला नाही. गड्यामाणसांच्या देखत एक मेंढपाळ आपल्याला थांबवतो, हे तात्यांना सोसलं नाही.

हे मला कृष्णातने सांगितलं. अर्जुनाच्या बायकोने, हरणाबाईनेही सांगितलं. ठाण्यातले हवालदार आले तेव्हा तिचा जबाब लिहून घ्यायला मला बोलावलं होतं. ती बाभळीखाली बसली होती, ओलं कोकरू पदरात घेऊन.

"धनी हुबं हुतं गुरुजी," ती म्हणाली. "हात वर क्येला हुता. येवढंच लिवा."

मी लिहिलं ते असं: 'जीप उतारावर उभी केलेली होती. उतारामुळे ती आपोआप घरंगळली. माझा नवरा बाभळीखाली झोपलेला होता. माझी कुणावर तक्रार नाही.'

तिला वाचून दाखवलं नाही. अंगठा कुठे करायचा ते दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलं, गुरुजी आहेत म्हणून विश्वासाने अंगठा टेकवला.

कारण सांगतो. शाळेला एकच खोली होती, चार वर्ग त्यात बसायचे, पावसाळ्यात पहिलीची पोरं माझ्या टेबलाखाली बसायची. दुसऱ्या खोलीसाठी जागा, लाकूड आणि कौलं तात्या देणार होते. आदल्याच आठवड्यात तसं कबूल झालं होतं. मुलांसाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं.

आणि अर्जुना जिथे चिरडला, ती पाणंदीतली जागा सपाट होती. हे गावात माझ्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नव्हतं. दरवर्षी मी मुलांना उतार शिकवायला बाहेर न्यायचो. जमिनीवर पाटी ठेवायची, पाटीवर काचेची गोटी. शाळेपुढे गोटी ओढ्याकडे पळायची, देवळापाशी नदीकडे. शेवटी मी मुलांना पाणंदीत बाभळीजवळ नेई. तिथे गोटी पाटीच्या मधोमध बसून राही. "याला सपाटी म्हणतात," मी सांगायचो, आणि मुलं ओणवी होऊन त्या न हलणाऱ्या गोटीकडे बघत राहायची.

अर्जुना गेल्यापासून तिसऱ्या दिवशी जुन्या जीपच्या बंपरात लोकर दिसली. डाव्या बोल्टाला अडकलेली, चिमूटभर, काळी. कृष्णातने ती काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. त्याने गाडी रॉकेलने धुतली, गोठ्यात बंद केली, दाराला कुलूप घातलं. सकाळी लोकर होतीच. वीस दिवसांनी तात्यांनी जीप सांगलीला नेऊन तोडायला दिली आणि बंपराचे आपल्या डोळ्यांदेखत चार तुकडे करून घेतले.

म्हणून तो फॉर्म. म्हणून सगळ्या चौकोनांत खुणा.

गाडीचा नंबर लागायला दहा महिने गेले. तोवर शाळेची खोली उभी राहिली. कार्तिकात आम्ही तिघं सांगलीला गेलो आणि नवी जीप घेऊन निघालो. हिरवा रंग, कोऱ्या रबराचा वास, सीटवर अजून मेणकागद. तात्या पहिल्यांदाच हसून बोलत होते. इस्लामपूरच्या अलीकडे चहाला थांबलो. दुपारचे दोन वाजले असतील. कृष्णात कौतुकाने फडक्याने गाडी पुसत होता. पुसता पुसता त्याचा हात थांबला.

"गुरुजी, जरा हिकडं या."

बंपराच्या डाव्या बोल्टाशी रंगाला बारीक फुगवटा होता. कंपनीचाच रंग, अखंड, कुठेही चीर नाही. कृष्णातने नखाने तो खरवडला. खालून केस निघाले. काळे, कुरळे. रंगाखाली लोकर होती.

तात्या चहाचा कप हातात धरून बघत होते. कप त्यांनी जमिनीवर ठेवला, तो नीट, न सांडता.

"फिरीव गाडी," ते म्हणाले.

सांगलीत एका कारखान्यात कंपनीचा बंपर उतरवला आणि नवा लोखंडी चढवला. सगळं बाहेरचं.  आठ दिवसांनी कृष्णातने मला वाटेत गाठलं.

"वेल्डिंग फोडून बगितलं गुरुजी. जोडाच्या आत."

"काय?"

"तुमास्नी ठावं हाय काय ते."

तात्यांनी बंपरच काढून टाकला. पुढून बोडकी जीप गावात फिरू लागली. पोरं तिला नकटी म्हणायची. तात्या आता हाकायला बसत नसत, हॉर्नही वाजवू देत नसत.

मार्गशीर्षातली दुपार. खोलीला खिडक्यांची दारं करायची होती, म्हणून तात्या मला शिराळ्याला सुताराकडे नेत होते. मी मागे बसलो होतो. जवळची वाट पाणंदीतूनच होती. तिच्यात शिरताच मेंढरांचा वास आला.

कळप वाटेत होता. मधोमध एक मेंढी बसली होती, पोट फुगलेलं, मान ताणलेली. तिच्या पलीकडे हरणाबाई उभी होती.

कृष्णातने बऱ्याच अंतरावर गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांखाली दगड घातले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आज थांबायचं," तात्या म्हणाले. "व्हईल तवा व्हईल." ते उतरले आणि सावलीला बाभळीपाशी जाऊन उभे राहिले. हरणाबाईला त्यांनी मान लववली. मला वाटतं, त्यांना तिच्याशी काही बोलायचं होतं.

"लय वाईट झालं बाई," ते म्हणाले.

मेंढी कण्हली. उसाची पानं हलत नव्हती.

मग मला समोरचा ऊस मागे सरकताना दिसला.

आवाज नव्हता. चाकांखाली माती करकरली नाही. आधी मला वाटलं, मलाच भोवळ आली. कृष्णात खाली उभा होता, तो ओरडत गाडीला लटकला, टाचा मातीत रोवल्या. मी पुढे झेपावून हँडब्रेक धरला. तो पूर्ण ओढलेलाच होता.

तात्यांनी वर बघितलं. पळायला दोन्हीकडे जागा होती. त्यांनी पाठ बाभळीला लावली.

आणि हात वर केला.

गाडी बाभळीला भिडून थांबली तेव्हा मेंढी व्याली होती.

मी उतरलो. मागे वळून बघितलं, दोन्ही दगड होते तिथेच होते, जीप त्यांच्या वीस पावलं पुढे आलेली. हरणाबाईने कोकरू उचललं, पदराने पुसलं. मग माझ्याजवळ आली.

"लिवा गुरुजी," ती हळू म्हणाली. "उतार हुता म्हून लिवा."

मी ते तिला कधीच वाचून दाखवलं नव्हतं. जबाब ठाण्यातल्या कपाटात होता, आणि तिला अक्षरओळख नव्हती.

तेच हवालदार आले. त्यांनी मागचा कागद सोबतच आणला होता. "सोपं हाय की गुरुजी. मागच्या साली तुमीच लिवलंय. जागंला उतार हाय."

"नाही," मी म्हणालो. "उतार नाही. मी खोटं लिहिलं होतं."

वर्षभर अडवून धरलेलं ते वाक्य असं निघून गेलं. मला हलकं वाटलं. मी दप्तरातून पाटी काढली, खिशातून गोटी काढली. पाटी बाभळीजवळ जमिनीवर ठेवली. पंधरा वर्षं ठेवत होतो, त्याच जागी. गोटी मधोमध ठेवून बोट उचललं.

क्षणभर ती स्थिर राहिली. मग निघाली, पाटीवरून खाली उतरली आणि धुळीतून बाभळीच्या बुंध्याशी जाऊन थांबली.

"बगा," हवालदार म्हणाले.

मी पाटी फिरवली, पुन्हा ठेवली. तीनदा ठेवली. मग कागद घेतला आणि लिहिलं: 'उतारामुळे.'

कृष्णात त्याच महिन्यात गाव सोडून शिरवळच्या एका कारखान्यात पहारेकरी झाला. जीप कुणी घेतली नाही. हरणाबाईचा कळप अजून दरसाल येतो. ती शाळेवरून जाते तेव्हा थांबून मला रामराम करते.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. पुढच्या जूनमध्ये मी निवृत्त होईन. तात्यांनी दिलेली खोली पक्की आहे, गवंड्याने पाण्याच्या नळीने पातळी बघून फरशी बसवली आहे. उताराचा धडा मी आता बाहेर नेत नाही, खोलीतच घेतो. मुलं फरशीवर गोल करून बसतात, मीही त्यांच्यात बसतो. मधोमध गोटी ठेवतो आणि विचारतो, सपाटी म्हणजे काय?

गोटी थोडा वेळ थांबते. मग माझ्याकडे येते.

मी उठून समोरच्या भिंतीशी बसतो. ती वळते आणि तिकडे येते. मुलांना वाटतं गुरुजींच्या हातात जादू आहे. ती टाळ्या वाजवतात, पुन्हा करा म्हणतात.

परवा गोटी उचलली तेव्हा बोटांना काहीतरी चिकटलं. खिडकीशी नेऊन बघितलं. काचेच्या आत, जिथे निळी रेघ असायची, तिथे एक काळा, कुरळा केस आहे.