फळीवरची टकटक

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. मला कोणाची मनधरणी करायची नाही. पण यातला शब्द न् शब्द माझ्यासोबत घडलेला आहे.

या पानावर सगळे मध्यरात्रीच्या गोष्टी सांगतात. माझी गोष्ट भर दुपारची आहे. लख्ख ऊन होतं, माणसं आसपास होती, आणि मी पूर्ण शुद्धीवर होते.

मागच्या उन्हाळ्यातला एक रविवार. जागा म्हणजे आमच्या शहराबाहेरचं पाणथळ. पक्षी-प्राण्यांसाठी राखून ठेवलेलं.

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकायचं आणि "बसा, डॉक्टर बोलावतील" म्हणायचं. जंगल, पक्षी यांच्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. मला तिथे नेलं ते माझ्या ताईने.

ताईबद्दल आधी सांगायलाच हवं.

आमची आई लवकर गेली. मला वाढवलं ताईने. वेणी तिनेच घालायची, अभ्यास तिनेच घ्यायचा, धपाटाही तिनेच घालायचा. स्वतःचं लग्न तिने केलंच नाही. ती "चल" म्हणाली की "कुठे?" असं मी आयुष्यात कधी विचारलं नाही.

ताई बरीच वर्षं त्या पाणथळावर स्वयंसेवक होती. उन्हाळा लागला तशी मला म्हणाली, "रविवारी घरात लोळण्यापेक्षा चल माझ्याबरोबर."

माझा नवरा खो खो हसला. "हिला? तिथे तोंड बंद ठेवावं लागतं म्हणे. तासाभरात परत येईल बघा."

पण मी टिकले. खरं सांगते, मला आवडायला लागलं होतं. गुडघाभर चिखलात उभं राहून जलपर्णी उपसायची. लोकांनी टाकलेल्या बाटल्या वेचायच्या. आणि मग नोंदी… कोणता पक्षी कुठे दिसला, किती पिल्लं. उन्हाळ्यात पाणी आटतं, मधलं एक मोठं डबकं तेवढं उरतं, आणि सगळं रान त्या डबक्यावर गोळा होतं. लांब लाल पायांच्या शेकाट्या, जांभळ्या पाणकोंबड्या, खंड्या. नवऱ्याला घरी येऊन सांगायचे, तर तो म्हणायचा, "आता दवाखान्यात पण शेकाट्या बसव."

तिथला एक नियम होता. आमचे म्होरके, दुर्बीणकाका, त्यांनी पहिल्याच दिवशी दम देऊन सांगितला होता. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घातलेला माणूस. गळ्यात दुर्बीण, आंघोळीला तरी काढतात की नाही देव जाणे.

डबक्याकडे जायला गवतातून एक अरुंद फळ्यांची वाट आहे. दोन्ही बाजूंनी डोक्यावर जाणारं पाणकणीस. त्या वाटेवर जोडीनेच जायचं. बोलायचं नाही. पुढच्याने फक्त समोर बघायचं. मागच्याच्या हातात बांबूची काठी. त्याने अधूनमधून फळीवर दोनदा ठोकायचं.

टक टक. म्हणजे, मी आहे.

पुढच्याने टाचेने एकदा ठोकायचं. म्हणजे, ऐकलं.

आणि मागे वळून बघायचं नाही. वळलं की फळ्या हलतात, पाणी हलतं, अंड्यांवर बसलेले पक्षी उठतात.

"जोडीदारावर भरवसा नसेल तर त्या वाटेवर पाय ठेवू नका," काका म्हणाले.

मी ताईकडे बघून हसले. माझ्या मागे ताई असणार होती. मला कशाला वळून बघायला लागतंय?

पहिले काही रविवार सगळं छान चाललं. पुढे मी, मागे ताई.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. ताई खूप वाळली होती. झोप नाही म्हणायची. आणि तिला एक विचित्र खोड लागली होती… आमच्या घरी आली की जिना चढता चढता मध्येच थांबायची आणि कठड्यावर एकदा बोट ठोकायची. मग पुढची पायरी.

"काय गं हे?" मी विचारलं.

"सवय," ती म्हणाली, आणि विषय बदलला.

तर तो रविवार.

सकाळचं काम उरकलं होतं. माणसं कार्यालयाच्या ओट्यावर पंख्याखाली आडवी झाली होती. ताई माझ्याजवळ येऊन बसली.

"चल. आज तुला पाणमांजराची पिल्लं दाखवते."

मी ताडकन उठले. सगळा उन्हाळा मी त्यासाठी डोळे लावून बसले होते. सगळ्यांना दिसली होती, मलाच नाही.

"आत्ता? एवढ्या उन्हात?"

"आत्ताच येतात पाण्यावर. तू पुढे हो. मी आहे ना मागे."

हे तिचे शब्द. मी आहे ना मागे.

मी वाटेवर पाय ठेवला. मागे तिचा पाय फळीवर पडल्याचं मला स्पष्ट जाणवलं. फळी दबली. आम्ही चालायला लागलो.

टक टक.

मी टाच ठोकली.

गवतात हवा कोंडली होती. घाम डोळ्यांत जात होता. एक पाणकोंबडी समोरून पळाली, मी थांबले, तिला जाऊ दिलं.

टक टक.

मी टाच ठोकली.

वळणाच्या पुढे गेल्यावर मात्र… आवाज बदलला.

बांबूचा आवाज कोरडा असतो. हा ओला होता. भिजलेलं लाकूड लाकडावर आपटावं तसा. मला वाटलं, या बाईने काठी पाण्यात बुडवली की काय? पिल्लांना पळवेल आता. चिडून मी टाच जरा जोरातच ठोकली.

पुढचा ठोका लगेच आला. आनंद झाल्यासारखा.

टक टक. टक टक.

मीही दोनदा उत्तर दिलं. वेड्यासारखी.

वाटेच्या शेवटी निरीक्षणाची कुटी आहे. तीन बाजूंनी बंद, समोर एक आडवी फट, आत एक बाकडं. मी आत जाऊन फटीला दुर्बीण लावली. मागे फळी करकरली. ताई दारात येऊन उभी राहिली असणार.

आणि पिल्लं दिसली!

अगदी समोर, काठावर. पाणमांजर, चकचकीत ओलं, आणि तिच्याभोवती दोन पिल्लं. एक तिच्या पाठीवर चढत होतं, दुसरं शेपटी ओढत होतं. आईने एकाच्या मानेला धरून पाण्यात टाकलं. ते कुईं कुईं करत परत काठावर. तिने परत टाकलं. पोहायला शिकवत होती हो!

माझे डोळे भरून आले. लहानपणी ताईने मला असंच विहिरीत ढकललं होतं, आणि मागोमाग स्वतः उडी मारली होती. मला तेव्हा तिचा हात हवासा वाटला. मी न वळता हात मागे केला.

हातात हात आला.

गार. ओला. बोटं लांब.

मी दाबला तो हात. प्रेमाने दाबला. त्यानेही दाबला.

मग माझ्या लक्षात आलं… ताईच्या बोटात कायम आईची अंगठी असते. या हातात अंगठी नव्हती.

पाणमांजराने मान वर केली. माझ्याकडे बघितलं नाही तिने. माझ्या खांद्यामागे बघितलं. एक तीक्ष्ण शीळ घातली, आणि तिघंही पाण्यात नाहीशी झाली.

सगळं गप्प झालं. एक पक्षी नाही, एक बेडूक नाही.

दुर्बीण अजून माझ्या डोळ्यांना होती. ती वर सरकली. समोरचा काठ, बांध, बांधावरचं झाड…

झाडाखाली ताई उभी होती.

डबक्याच्या पलीकडे. पार पलीकडे. हातात बांबूची काठी. ती सरळ कुटीकडे बघत होती.

मी तिचा चेहरा बघितला. ती रडत होती. पण बरेच दिवस डोक्यावर वाहिलेलं ओझं उतरवून ठेवलेल्या माणसासारखी उभी होती. मान सैल, खांदे सैल. तिने डोळे पुसले. माझ्याकडे बघून हात जोडले.

आणि पाठ फिरवून निघून गेली.

माझ्या हातातला हात अजून तिथेच होता.

मी किंचाळले. हात हिसडला. वळले.

कोणी नव्हतं.

दारातल्या फळीवर फक्त पाणी साचलेलं होतं. बाकी सगळ्या फळ्या उन्हाने पांढऱ्या पडलेल्या, कोरड्याठाक.

परत जायला वाट तीच एक. मी धावले. पक्षी उठले तर उठले, नियम गेला चुलीत. आणि मी धावत होते तेव्हा, आता कुटीच्या बाजूने… माझ्या मागून…

टक टक.

ओट्यावर पोचले तेव्हा दुर्बीणकाका माझ्यावरच खेकसले. "एकटी गेलीस? जोडीदाराशिवाय? तुझी ताई तर तेव्हा बांधावर फिरत होती! नियम कशाला केलेत आम्ही?"

मी ताईकडे बघितलं. तोवर तीही बांधावरून परतली होती, पेल्यात पाणी ओतत होती.

"काका, चुकलं तिचं," ताई म्हणाली. "नवीन आहे. पिल्लांच्या नादात गेली."

एवढ्या सराईतपणे खोटं बोलली. माझ्यासमोर.

परतताना गाडीत बसल्यावर मी तिचा दंड धरला. "ताई, काय होतं ते?"

तिने दंड सोडवून घेतला. मग म्हणाली, "मला नाही माहीत. दोन उन्हाळ्यांपूर्वी मी एकदा एकटीच गेले होते तिथे. मागून टकटक आली. मला वाटलं कोणीतरी गंमत करतंय. मी उत्तर दिलं. तेव्हापासून माझ्यामागे होतं. घरी, जिन्यात, बाजारात. उत्तर दिलं की लांब राहतं. नाही दिलं की जवळ येतं. दोन वर्षं मी झोपले नाही गं."

"मग मला सांगायचंस! मी आले असते की तुझ्याकडे राहायला. काहीतरी केलं असतं आपण."

"सांगितलं असतं तर तू मागे वळून बघितलं असतंस."

मला कळेना. मग हळूहळू कळायला लागलं.

"आधी दुसऱ्या दोघींना नेऊन बघितलं होतं," ताई म्हणाली. "दोघींनीही अर्ध्या वाटेत वळून बघितलं. कोण कोणावर एवढा भरवसा ठेवतं? मग विचार केला… मागे न बघता माझ्यावर विसंबणारं जगात एकच माणूस आहे."

ते माणूस मी.

तिने मला सोबतीला नेलंच नव्हतं. बदलीला नेलं होतं. ते सगळे रविवार, डब्यात माझ्या आवडीचं करून आणणं, चिखलात घसरले की हसत हात देणं, सगळं त्यासाठी. मला त्या वाटेची, त्या ठोक्याची सवय लागावी म्हणून. केसाने गळा कापला माझा. आणि कापणारी कोण? जिला मी आईच्या जागी मानलं, ती.

"हे माझ्यावर जाईल हे तुला नक्की माहीत होतं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "करून बघितलं."

गाडीतून उतरले आणि दार आपटलं. त्यानंतर मी तिच्याशी बोललेली नाही. तिला आता छान झोप लागते म्हणे. वजनही वाढलंय. शेजारची बाई कौतुकाने सांगत होती.

मला नाही लागत झोप.

दवाखान्याच्या जिन्यात येतं. घरी स्वयंपाकघराकडे जाताना येतं. मी उत्तर देते. एकदा हट्टाला पेटले, नाहीच दिलं. टकटक जवळ आली… आणखी जवळ… मग माझ्या मानेवर पाण्याचा एक थेंब पडला. मी भिंतीवर मूठ आपटली, रडत आपटली, तेव्हा ते मागे सरलं.

नवऱ्याला सांगितलं. तो मला डॉक्टरकडे घेऊन गेला. गोळ्या दिल्यात. गोळ्यांनी मला गुंगी येते, माझ्या मागच्याला येत नाही.

आता परत उन्हाळा लागलाय. परवा दुर्बीणकाकांचा निरोप आला, पाणी आटलंय, माणसं कमी पडतात, रुसवा सोडून ये. माझी मुलगी बाजूलाच बसली होती. आठवीत आहे. पाणमांजराच्या पिल्लांची आणि त्या वाटेच्या नियमाची गोष्ट मी तिला तेवढीच, गोड गोड सांगितली होती.

ती गळ्यात पडली. "आई, जाऊया ना! मला ने ना! तू सांगशील तसंच वागेन. एकदासुद्धा मागे बघणार नाही."

मी "नाही" म्हणाले. इतक्या जोरात ओरडले की पोर रडायला लागली. बाप धावत आला. दोघं माझ्याकडे वेड्यासारखं बघत राहिले.

पण मी लगेच ओरडले नव्हते. आधी गप्प बसले होते. तिच्या तोंडाकडे बघत, बराच वेळ.

त्या वेळात माझ्या मनात काय आलं, ते मी इथे लिहिणार नाही. ताईला विचारा. ती बरोबर सांगेल.