हँडल घरी राहिलं होतं

मी चार इयत्ता शिकलेली बाई. खोटं रचायला त्याहून जास्त शिक्षण लागतं. तेव्हा हे जसं घडलं तसंच लिहिलंय.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्याने सांगितलं, त्याने आमच्या किर्गिझस्तानातला दोलोनचा घाट पाहिलेला नाही.

दुपारचे दोन वाजले होते. गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट.

सून तोल्गोनाय माहेरी, नारीनला बाळंत झाली होती. तिला घेऊन आम्ही घरी, कोचकोरला परत निघालो होतो. गाडी माझा मुलगा शायलोबेक चालवत होता. त्याच्या शेजारी मी. मागे सून, तिच्या कुशीत बारा दिवसांची पोर. डिकीत व्याह्यांनी दिलेला पाळणा.

गाडी जुनी, रशियन, माझ्या नवऱ्याच्या हातची. हिवाळ्यात आम्ही रात्री बॅटरी काढून घरात घेतो. माझा नवरा तर बॅटरीवर रजई घालायचा. माझ्यावर कधी घातली नाही.

पण चिरंजीव सासरी लाजले. दोन रात्री बॅटरी गाडीतच गारठली.

"जावयाने बॅटरी घेऊन चार जिने चढायचे? लोक काय म्हणतील, आपा?" आमच्याकडे आईला आपा म्हणतात.

"आता घाटात बंद पडली की लोकांनाच बोलाव ढकलायला," मी म्हटलं.

बोलायला नको होतं.

माथ्यापुढच्या वळणावर इंजिन थांबलं. खोकलं नाही, गचका नाही. विस्तवावर पाणी ओतावं तसं... गप्प.

बर्फ इतकं दाट की बॉनेटसुद्धा दिसेना. मोबाइलला रेंज नाही. मागेपुढे एक गाडी नाही.

शायलोबेकने सेल्फ मारला.

उंऽऽ... उंऽऽ... उंऽऽ...

म्हातारा बैल उठावा तसा.

"बॅटरी उतरली," तो म्हणाला.

"दीड तास चाललेली गाडी, उतरेल कशी? दिवे लाव. आता सेल्फ मार."

गाड्यांचं मला कळतं. तीस वर्षं नवऱ्याच्या हातात पाने देत होते. बॅटरी मेली असेल तर सेल्फ मारताना दिवे मिणमिणतात.

दिवे मंदावले नाहीत. हॉर्नही खणखणीत वाजला.

"मग कुठेतरी तार ढिली. टर्मिनल घास."

त्याने बाहेर जाऊन चाकूने टर्मिनल खरवडले, आवळले. परत आला तेव्हा भुवयांवर बर्फ होतं.

उंऽऽ... ... उंऽऽ...

आणखी हळू.

मी स्वतः उतरले. सेल्फ मारल्यावर जो सांधा ढिला असतो तो तापतो, हे माझ्या नवऱ्याने शिकवलेलं. हातमोजा काढून एकेक सांधा चाचपला. अर्थिंगची तारही.

सगळे थंड. एकही गरम नाही.

म्हणजे बॅटरी बरी. तारा बऱ्या. सेल्फ फिरवू पाहतोय... आणि इंजिनच फिरत नाहीये.

कुणीतरी पुढून धरून ठेवल्यासारखं.

मी बॉनेट आपटून आत आले.

"इंजिन हाताने फिरवायचं हँडल काढ. हँडल मारून बघू."

शायलोबेक स्टिअरिंगवरचं बर्फ पुसत बसला.

"अरे हँडल कुठाय?"

"पाळणा डिकीत बसावा म्हणून, आपा. नारीनला निघतानाच घरी काढून ठेवलं. गोठ्यात."

"वा. पाळणा हलवून गाडी चालू कर आता."

तोल्गोनाय हसली नाही. "आपा, ही बघा ना," ती म्हणाली.

पोर रडायची थांबली होती.

थंडीत रडणारं पोर बरं. गप्प झालेलं नाही. ओठ जांभळे पडले होते. मी माझा कोट काढून दोघींवर टाकला. काचा आतून गोठायला लागल्या. तासाभरात आम्ही कुणी उरलो नसतो, आणि पोर तर अर्ध्या तासात...

तेवढ्यात पुढून आवाज आला.

खट्ट.

लोखंडात लोखंड बसल्याचा. बंपरखालच्या भोकात हँडल घातल्यावर येतो तोच.

"कुणी आलं वाटतं," शायलोबेक म्हणाला आणि दाराला हात घातला.

मी त्याचा हात धरला.

कारण मला आता वळण ओळखू आलं होतं.

जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, ते इथे लिहिते. चौतीस वर्षांपूर्वी याच घाटातून आम्ही याच गाडीने येत होतो. माझ्या कुशीत आठ दिवसांचा शायलोबेक. असंच बर्फ. या वळणावर एक माणूस उभा होता, डोक्यावर हँडल उंच धरून. घाटात गाडी बंद पडलेल्याने हँडल उंच धरलं की थांबायचं. आमच्याकडे मग कोण, कुठला असं विचारत नाहीत. शत्रू असला तरी थांबायचं.

नवऱ्याने वेग कमी केला.

मी म्हटलं, "थांबलास आणि आपलीच परत चालू झाली नाही तर? पोर आहे. चल."

तो थांबला नाही. मागे माझ्या शेजारची जागा मोकळी होती.

तो माणूस वसंतात सापडला. हँडल बोटांतून सोडवायला कोमट पाणी ओतावं लागलं म्हणे.

नवरा त्यानंतर त्या माणसाबद्दल एक शब्द बोलला नाही. माझ्याशीही फारसं बोलला नाही.

खट्ट... पुन्हा.

मी कुणासमोर मान खाली घातलेली बाई नाही. सासूसमोर नाही, नवऱ्यासमोर नाही. पण मागे त्या पोरीचा आवाज येत नव्हता.

"चावी चालू ठेव," मी शायलोबेकला सांगितलं. "सेल्फ मारू नकोस. आणि तोंड उघडू नकोस."

मी उतरले. दार उघडंच ठेवलं. बॉनेटला धरून पुढे गेले. पुढे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. वारासुद्धा थांबला होता.

"तेव्हा मीच म्हटलं होतं, चल म्हणून," मी म्हणाले. "त्याने नाही. मी."

काही नाही.

"जागा होती."

काही नाही...

"आजही आहे. बस."

मी मागे सुनेशेजारी जाऊन बसले. पुढची माझी सीट रिकामी. दार उघडं. बर्फ आत येत होतं.

"आपा, दार तरी..." तोल्गोनाय म्हणाली.

"राहू दे."

किर्रर्र...

गाडी हलली. सेल्फ नव्हता, शायलोबेकचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

किर्रर्र... किर्रर्र...

तिसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलं.

मग बर्फात पावलं वाजली. करर्... करर्... बॉनेटपासून पुढच्या उघड्या दारापर्यंत.

सीट खाली दबली.

दार लागलं.

शायलोबेकने शेजारी पाहिलं, मग समोर. "आपा..." एवढंच म्हणाला.

"गाडी चालव."

घाट उतरायला लागलो. हीटर गरम झाला तशी पोर कुरकुरली, मग गळा काढून रडली. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

घरी पोचल्यावर मी आधी गोठ्यात गेले. हँडल खुंटीला होतं. त्याला हात लावला आणि काढून घेतला. बंद गोठ्यात सगळं लोखंड कोरडं, आणि हे एकटंच ओलं. मुठीवर बर्फ.

आता नऊ महिने झाले. पोर रांगते. गाडी एका सेल्फला उठते, अगदी पहाटेच्या गारठ्यातही. बॅटरी घरात घ्यावी लागत नाही. शायलोबेक शेजाऱ्यांना सांगत फिरतो, टर्मिनल नीट घासले की झालं. सांगू दे.

परवा तोल्गोनाय पोरीला घेऊन पुढे बसायला गेली. मी तिला दंडाला धरून मागे बसवलं.

"का, आपा? पुढे कोण बसलंय?"

मी तिच्या बाजूचं दार लावून घेतलं.

त्या दिवशी दार लागल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं. तो बसला.

घरी पोचल्यावर शायलोबेक उतरला. सून उतरली. मी उतरले.

पुढचं दार... उघडलंच नाही.