दार उघड, पोरी

डब्लिनच्या आमच्या थिएटरात नटाला अख्खं नाटक कधी मिळत नसे. ज्याला त्याला आपापली नक्कल: स्वतःची भाषणं आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्याचे शेवटचे तीन शब्द. ते कानावर पडले की बोलायचं. नकला उतरवणं माझं, प्रॉम्प्टरचं काम. वीस वर्षांत माझी चूक कुणी दाखवली नव्हती.

आमच्यातल्या टर्लो गॅनननं नोकरांच्या भूमिका करत सहा वर्षं खपून एक नाटक लिहिलं. थिएटरच्या मालकांनी ते तीनदा परत केलं. चौथ्यांदा म्हणाले, "बुधवारी लाव. आपटलं तर पुन्हा माझ्या दारात कागद घेऊन यायचं नाही."

सोमवारच्या तालमीत आमची नायिका ऑनर ब्रेरटन मध्येच गप्प झाली.

"बोल ना बाई!" टर्लो खेकसला.

"कशावर बोलू? इथे लिहिलंय, 'दार उघड, पोरी.' कोण म्हणणार ते?"

सातही नकला तपासल्या. ते वाक्य कुणाचंच नव्हतं, टर्लोच्या हस्तलिखितातही नव्हतं. अक्षर मात्र माझंच.

"म्हातारचळ लागला का रे, टियर्नी?" टर्लोनं मला टोमणा मारला.

माझी कानशिलं तापली. ती नक्कल फाडून नवी लिहिली. मंगळवारी तिच्यात तेच तीन शब्द होते, आणि इतरांच्या नकलांतही असली परकी वाक्यं घुसली होती. मी हात टेकले.

बुधवारी ऑनर त्या जागी थांबली. चरबीच्या मेणबत्त्यांचा धूर डोळ्यांत जात होता. मी विंगेतून तिला पुढचं वाक्य देणार, तोच तिनं कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान हलवली आणि बिनचूक उत्तर दिलं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. प्रेक्षक मात्र खदखदून हसले.

खेळ सुटल्यावर जो तो टर्लोला विचारी, "तो म्हातारा बाप कोण हो? काय बोलतो! बाकी नाटक ठीकच."

टर्लो रडायचाच बाकी होता. "सहा वर्षं घासली रे मी. आणि टाळ्या कुणाला?"

गुरुवारी आपल्या नोकराच्या प्रवेशात टर्लो जीव ओतून बोलला. इतकं सुरेख बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

कुणी हसलं नाही.

ऑनर वाट पाहत उभी राहिली.

त्यानं वाक्य पुन्हा म्हटलं. मग तिच्या पुढ्यात जाऊन ओरडून म्हटलं. विंगेत मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

ऑनर हळूच माझ्याकडे वळली.

"टियर्नी," ती कुजबुजली, "टर्लो कुठे राहिला?"